वाचक विचारतात : लाइन चोंदली, पण कुठे?

गेल्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेले होते की मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे पेशंटच्या कागदावरच्या आजाराला आयसीडी या पुस्तकातला नंबर लावण्याच्या कामात, जन्मजात दोषांचे कोड क्यू अक्षराने सुरू होतात आणि त्यातही महाधमनीचे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीचे कोड लावताना जुने जाणते कोडरसुद्धा गडबडतात. झालं, त्यानंतर आलेली निम्मी पत्रं महाधमनीवरच. शहादा, धुळे, चाळीसगाव, जळगाव, सगळीकडून. यावलच्या एका भाऊंनी तर पोराच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटोच पाठवला (भाऊ, पुढच्या वेळी नाव आणि नंबर झाकून पाठवा हो, पेशंटचे कागद असे फिरवू नयेत). म्हणून या वेळचं सगळं पान त्यालाच.

ताई, मी बी.फार्म. झालोय, शहाद्याचा आहे, कोडिंगचा क्लास लावलाय. टेस्टमध्ये ‘कंजेनायटल एओर्टिक स्टेनोसिस’ (स्टेनोसिस म्हणजे अरुंद होणं, इथे जन्मजात) आलं होतं, मी क्यू २५.३ लिहिलं कारण पुस्तकात तिथे सरळ ‘स्टेनोसिस ऑफ एओर्टा’ छापलंय. सरांनी चूक दिली, म्हणे क्यू २३.०. मग क्यू २५.३ काय शोभेला ठेवलाय का?

भाऊ, सर बरोबर आहेत आणि तुमचा राग पण बरोबर आहे, कारण नावं ठेवणाऱ्यांनी ती अशी ठेवलीत की माणूस फसणारच.

तुमच्याकडे केळी असो नसो, ड्रिप तर बघितलंच असेल. विहिरीवरची मोटार म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा. मोटारीच्या तोंडाला वॉल, म्हणजे हृदयाची झडप, वॉलच्या पुढे मेन लाइन, म्हणजे महाधमनी, ती आधी वर चढते, मग छत्रीच्या दांड्यासारखा बाक घेते आणि खाली वावरात उतरते, बाकाच्या माथ्यावरून तीन फाटे निघतात ते डोक्याला आणि दोन्ही हातांना, आणि खाली उतरलेली लाइन पोटाला आणि पायांना. आता गडी येऊन म्हणाला ‘पाणी कमी येतंय, लाइन चोंदली’ तर तुम्ही पहिलं काय विचारता? कुठे चोंदली? बस्स, कोडिंगमध्ये पण पहिला प्रश्न तोच.

वॉलच्या अलीकडे, म्हणजे कप्प्याच्या तोंडाशीच अरुंद असेल तर ते सबएओर्टिक, क्यू २४.४. झडपच जन्मतः चिकटलेली किंवा जाड असेल तर क्यू २३.०. झडप ठीक आहे पण तिच्या लगेच वर नळी आवळलेली आहे तर ते सुप्राव्हाल्व्ह्युलर, आणि तुमचा क्यू २५.३ त्याच्यासाठी आहे. आणि बाक संपता संपता, डाव्या हाताचा फाटा फुटतो त्याच्या जरा पुढे आवळलेलं असेल तर ते कोआर्क्टेशन, क्यू २५.१. चार जागा, चार कोड, आणि डॉक्टर घाईत चारही ठिकाणी ‘स्टेनोसिस’ म्हणू शकतात.

फसवणूक होते ती ‘एओर्टिक’ आणि ‘एओर्टा’ या दोन शब्दांत. डॉक्टर नुसतं ‘एओर्टिक स्टेनोसिस’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात झडप असते, पुस्तकाची इंडेक्स पण तेच धरते. म्हणून सत्तरीतल्या आजोबांच्या झडपेवर वयाने चुना चढलाय त्याला आय ३५.०, तीच झडप जन्मापासून खराब असेल तर क्यू २३.०. तुम्ही इंडेक्स न बघता थेट मागच्या यादीत गेलात ना? सगळे जातात. आधी इंडेक्स, मग यादी, आणि यादीत खाली बारीक अक्षरात ‘एक्सक्लूड्स’ (हे इथे लावू नका) लिहिलेलं असतं ते वाचायचंच, क्यू २५.३ च्या खाली क्यू २३.० कडे बोट दाखवलेलं आहे.

माझीच गंमत सांगते. पहिल्या वर्षी एका लहान मुलाच्या चार्टमध्ये ‘एसव्हीएएस’, म्हणजे सुप्राव्हाल्व्ह्युलर एओर्टिक स्टेनोसिस, असं होतं, रात्रीचे अडीच वाजलेले, टार्गेटचे चार्ट बाकी, मला त्यातलं फक्त शेवटचं ‘एएस’ दिसलं आणि मी झडपेचा कोड ठोकून दिला. सकाळी क्वालिटीवाल्याचा मेल, ‘त्याच पानावर विल्यम्स सिंड्रोम लिहिलंय, दिसलं नाही का?’ विल्यम्समध्ये सातव्या क्रोमोसोमचा एक तुकडा नसतो, रक्तवाहिनीला लवचिकपणा देणाऱ्या इलास्टिनचा जीन त्यातच जातो, म्हणून त्या मुलांमध्ये बऱ्याचदा झडपेच्या वरचीच जागा आवळलेली असते. एवढं माहीत असतं तर अक्षरं अर्धी दिसली तरी शंका आली असती. तेव्हापासून मी आधी सिंड्रोम काय लिहिलंय ते शोधते, मग नळी.

मी धुळ्यातून वर्क फ्रॉम होम करते, अमेरिकन क्लाएंट आहे. पाच दिवसांच्या बाळाचा ओपीडी चार्ट होता. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘नॅरोइंग अॅट इस्थमस, डक्ट ओपन, कॅनॉट रूल आउट कोआर्क्टेशन’ (बाकाच्या शेवटी अरुंद, कोआर्क्टेशन नाहीच असं म्हणता येत नाही) आणि डॉक्टरांच्या नोटमध्ये ‘मर्मर, रूल आउट कोआर्क्टेशन’ (हृदयात जादा आवाज, कोआर्क्टेशन आहे का ते तपासायचं). मी क्यू २५.१ लावलं तर एरर पडला. इकोत अरुंद दिसतंय तरी कोड का नाही?

कारण अरुंद दिसणं आणि कोआर्क्टेशन असणं यात अजून एक पायरी आहे आणि ती पायरी डॉक्टर चढलेले नाहीत, तुम्ही त्यांच्या आधी चढलात.

ओपीडीचा नियम साधा आहे, ‘प्रोबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’ असं काही असलं की तो आजार लावायचा नाही, जे नक्की आहे तेच लावायचं, इथे नक्की काय तर मर्मर. ओपीडीत इको वाचणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये निदान पक्कं लिहिलं असतं तर ते घेता आलं असतं, पण त्यांनीही ‘कॅनॉट रूल आउट’च म्हटलंय. हेच बाळ अॅडमिट असतं आणि डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी ‘प्रोबेबल कोआर्क्टेशन’ लिहिलं असतं तर मात्र अमेरिकन नियमाने ते असल्यासारखंच कोड करतात, म्हणजे तेच शब्द, नुसतं दार बदललं की कोड बदलतो. हे मला सुरुवातीला फार विचित्र वाटायचं, अजूनही थोडं वाटतं. आणि हो, ‘रूल आउट’ आणि ‘रूल्ड आउट’ यात एका ‘ड’चा फरक आहे पण एकात शंका बाकी आहे आणि दुसऱ्यात आजार नाही असं सिद्ध झालंय. डिक्टेशन टाइप करणाऱ्याने तो ‘ड’ खाल्ला तर तुमचं काम वाढलं समजा.

पण डॉक्टर असं अर्धवट का लिहितात यावर चिडू नका, ते प्रामाणिकपणे लिहितायत. पोटात असताना बाळाची फुप्फुसं बंद असतात म्हणून फुप्फुसाच्या नळीतून महाधमनीत जायला एक बायपास असतो, डक्टस. तो उघडा असेपर्यंत तिथली जागा रुंद दिसते आणि पायांना रक्त मिळत राहतं, त्यामुळे आवळलेली जागा झाकली जाते. जन्मानंतर काही दिवसांत डक्टस बंद होतो आणि मग खरं काय ते कळतं, कधी कधी फार वाईट पद्धतीने कळतं, तिसऱ्या दिवशी हसत घरी गेलेलं बाळ दुसऱ्या आठवड्यात दूध ओढेनासं होतं, पाय गार पडतात, रंग राखेसारखा होतो. म्हणून डॉक्टर मांडीतली नाडी बघतात, दोन्ही हात आणि दोन्ही पायांचं बीपी घेतात, बाळ बिघडलं तर प्रोस्टाग्लँडिन या औषधाचं ड्रिप लावून डक्टस उघडा ठेवतात. चार्टमध्ये चारही बीपी लिहिलेले दिसले की समजायचं डॉक्टरांच्या मनात काय चाललंय, पण मनातलं कोड करता येत नाही.

मग करायचं काय, तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, टाकायची. आणि तुमच्या पत्रात तुम्ही जी क्वेरी टाकली म्हणालात, ‘डॉक्टर, इको बघता हे कोआर्क्टेशनच आहे ना, प्लीज कन्फर्म’, ती टाकायची नाही, ती क्वेरी नाही, ती साक्षीदाराला पढवणं झालं. असं लिहा : ‘इकोमध्ये इस्थमसजवळ अरुंदपणा नोंदवला आहे, उजवा हात आणि पाय यांच्या बीपीत फरक नोंदवला आहे. या निष्कर्षांचा आपल्या मते अर्थ काय ते नोंदवावं : कोआर्क्टेशन, दुसरं काही (लिहावं), महत्त्वाचं नाही, किंवा सध्या सांगता येत नाही.’ पुरावा तुम्ही मांडा, निकाल त्यांना देऊ द्या, आणि पैशाचा किंवा क्लेमचा उल्लेख क्वेरीत चुकूनही नको.

जळगावच्या एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये पंधरा वर्षं आहे. आम्ही उजव्या बाजूच्या बाकाला क्यू २५.४ लावतो. नवीन मुलं म्हणतात मॅडम चुकताय, क्यू २५.४७ पाहिजे. पोरांसमोर लाज जाते हो.

लाज कसली ताई, दोघंही बरोबर आहात, पुस्तकं वेगळी आहेत. तुमचं पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१०, त्यात क्यू २५.४ म्हणजे ‘महाधमनीचे इतर जन्मजात दोष’, एकच डबा, त्यात उजवा बाक, दुहेरी बाक, फुगवटा, बारीक राहिलेली महाधमनी, सगळं कोंबलेलं. पोरं शिकतात ते अमेरिकेचं, आयसीडी-१०-सीएम. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ ला ९ नंबरचं पुस्तक सोडून १० धरलं आणि बरोबर एका वर्षाने, १ ऑक्टोबर २०१६ पासून हा डबा फोडून कप्पे केले. क्यू २५.४१ महाधमनी नसणं, ४२ बारीक राहणं, ४३ अॅन्युरिझम (फुगवटा), ४४ रुंदावणं, ४५ दुहेरी बाक, ४६ वेडावाकडा बाक, ४७ उजवा बाक, ४८ हाताची शीर भलत्याच जागेवरून निघणं, ४९ उरलंसुरलं, आणि काहीच लिहिलं नसेल तर ४०. त्याच वेळी क्यू २५.२ पण फोडला, मध्येच तुटलेल्या बाकाला क्यू २५.२१ मिळाला.

मला विचाराल तर हे फोडणं चांगलं झालं. उजव्या बाजूने वळणारा बाक कित्येकांना आयुष्यभर कळतही नाही, आणि दुहेरी बाक श्वासनलिका आणि अन्ननलिका दोघींना कडं घालून आवळतो, बाळ श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, कितीतरी दिवस दम्याचं औषध चालू राहतं. या दोघांना एकाच डब्यात ठेवून नंतर मोजणी करायची म्हटली तर मोजणार काय?

एक मात्र दोन्ही पुस्तकांत सारखं आहे, ते पोरांना विचारून बघा, त्यांची पण परीक्षा होऊन जाईल. हृदयाची डावी बाजूच अर्धवट वाढलेली असते त्या आजाराला क्यू २३.४, त्यात महाधमनी बारीक असतेच, म्हणून तिचा वेगळा कोड लावायचा नाही. (आता ११ नंबरचं पुस्तक पण आलंय, जागतिक पातळीवर १ जानेवारी २०२२ पासून लागू. पण तुमच्या टेबलावर जे पुस्तक आहे त्यानेच काम करा, दोन पुस्तकांची खिचडी नको, खिचडी आपली रात्रीची जेवणातच बरी.)

चाळीसगावहून. रिपोर्टमध्ये ‘बोव्हाइन आर्च’ आलं. मी गुगल केलं तर गाय. हे काय?

हसू नका कोणी, मी पण हेच केलं होतं. बाकावरून साधारण तीन वेगळे फाटे निघतात, काही लोकांत पहिले दोन एकाच तोंडातून निघतात, त्याला हे नाव पडलंय. गंमत म्हणजे खऱ्या गाईबैलांत असं नसतंच, त्यांच्यात एकच जाड खोड निघतं आणि पुढे त्याचेच फाटे होतात, म्हणजे नाव चुकीचं आणि बैलाला उगाच बदनामी. त्रास सहसा काही नसतो. अमेरिकन पुस्तकात हे क्यू २५.४९ मध्ये जातं, पण रिपोर्टच्या कोपऱ्यात दिसलं म्हणून लगेच लावत सुटू नका, त्या भेटीत डॉक्टरांनी त्याचा विचार केलाय का, त्याच्यामुळे काही ठरवलंय का, ते बघा.

मी शेतकरी, यावल तालुका. पोऱ्या आता ११ चा. तो सहा वर्षांचा असताना आमची माय म्हणे ‘खेळीसन लगेच दमस, पाय दुखतस म्हणस’. मोठ्या शहरात नेलं, हृदयाजवळच्या मोठ्या शिरेचं ऑपरेशन झालं. कार्डावर फक्त ‘सीएचडी, ऑपरेटेड, स्टेबल’. आता मेडिक्लेम काढायला गेलो तर एजंट म्हणे जन्मजात म्हणजे काहीच भेटत नाही. खरं का? आणि कार्डावर अजून काय पाहिजे होतं?

भाऊ, तुमच्या मायला माझा नमस्कार सांगा. हात आणि डोकं भरपूर रक्त घेतात, पायांना कमी पोचतं, म्हणून खेळल्यावर पाय दुखतात, हे कोआर्क्टेशनचं पुस्तकातलं लक्षण आहे आणि तिने ते पुस्तकाशिवाय ओळखलं. पण तुमच्या पोराला तेच होतं असं मी कार्ड बघून म्हणू शकत नाही, कारण कार्डावर तसं लिहिलेलंच नाही! ‘सीएचडी’ म्हणजे जन्मजात हृदयदोष, त्यात शंभर प्रकार येतात, वर मोठ्या माणसांच्या हार्ट अटॅकवाल्या आजाराला पण लोक तीच तीन अक्षरं वापरतात.

मी हे इतकं ठासून का सांगते तर आमच्या घरी हेच झालंय. माझा भाचा अगदी तान्हा असताना ऑपरेट झाला, हॉस्पिटलचं नाव घेत नाही, ऑपरेशन त्यांनी उत्तम केलं, पण कार्ड तुमच्यासारखंच, दीड ओळ. ताईने ते साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवलेलं, घडीवर फाटलेलं, एका कोपऱ्यावर चहाचा गोल डाग. पोरगा तेरा वर्षांचा झाला, एका शिबिरात डाव्या हाताचं बीपी घेतलं, नॉर्मल. ताई खूश. वर्षभराने डोकं दुखतं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेला, त्यांनी उजव्या हाताला पट्टा बांधला आणि बांधलेला तसाच ठेवून परत मोजलं, मग डाव्या हाताला, मग परत उजव्या. उजव्या हाताचं बीपी त्या वयाला नको तेवढं जास्त. त्यांनी विचारलं, ‘ऑपरेशन कोणत्या पद्धतीने केलं होतं?’ आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. मग फाइल काढायला दोन चकरा, त्यात ऑपरेशनची नोट मिळाली, आणि त्यात एक ओळ : डाव्या हाताकडे जाणारी शीर कापून तिचाच तुकडा वापरून आवळलेली जागा रुंद केली. म्हणजे त्या हाताची मुख्य शीरच वापरून टाकलेली, तिथे बीपी कमीच दिसणार, आयुष्यभर. ती एक ओळ कार्डावर असती तर एक वर्ष वाया गेलं नसतं.

म्हणून तुमच्यासाठी, आजच करायचं काम. भारतात डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे, अॅडमिट पेशंटचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. तुमची पाच वर्षं झालीत, पण बरीच हॉस्पिटलं जास्त काळ ठेवतात, त्यामुळे आशा सोडू नका, लेखी अर्ज द्या, अर्जावर पोच घ्या, आणि नुसतं ‘कार्डाची कॉपी’ म्हणू नका, ऑपरेशनची नोट, आधीचा आणि नंतरचा इको, आणि डिस्चार्ज समरी असं नाव घेऊन मागा. मिळालं की त्यात बघा : नळी कुठे अरुंद होती, जोडली कशी (कापून टोकाला टोक, पट्टी लावून, की हाताची शीर वापरून), ऑपरेशननंतर हात आणि पाय यांच्या बीपीत किती फरक उरला, आणि झडप दोन पाकळ्यांची आहे का तीन. ही झडपेची गोष्ट फालतू नाही, कोआर्क्टेशनच्या निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात आणि ती पुढे मोठेपणी त्रास देऊ शकते, म्हणून तपासणी ऑपरेशननंतर पण चालूच ठेवायची. काहीच मिळालं नाही तर आत्ताच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून नवीन इको करून सविस्तर लिहून घ्या, आणि तोवर कुठेही बीपी घेताना उजवा हात पुढे करायला पोराला शिकवा.

आता एजंटचं. तो अर्धंच सांगतोय. विमा नियामकाच्या व्याख्येत जन्मजात दोष दोन प्रकारचे, बाहेर दिसणारे आणि आतले. पॉलिसीत सहसा बाद असतात ते बाहेरचे, महाधमनी काही बाहेरून दिसत नाही, ती आतल्यात येते. पण तुमच्या पोराचा आजार आधीपासून माहीत आहे, म्हणून आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड लागू शकतो, २०२४ च्या नियमाने तो जास्तीत जास्त ३६ महिने. फॉर्ममध्ये ऑपरेशन झालंय हे लिहाच, एजंट ‘राहू द्या, कोण बघतं’ म्हणाला तरी लिहा, कारण लपवलं आणि पुढे ‘जुनी शस्त्रक्रिया’ असा शब्द कुठल्या केसपेपरवर निघाला की क्लेम त्याच शब्दावर अडकतो. कंपनी घेईल, जास्त पैसे मागेल किंवा नाही म्हणेल, पण ते लेखी मागा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

आणि मेडिक्लेम बाजूला ठेवून महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं पण विचारा. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्या आठात आपलं धुळं होतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जा. तिथे पण आधी मंजुरी लागते आणि मंजुरी देणारा माणूस पोराला बघत नाही, कागद बघतो. शाळेत अंगणवाडीत तपासणीची गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, २०१३ पासूनची, ती १८ वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी आहे आणि जन्मजात हृदयदोष तिच्या यादीत आहे, त्या डॉक्टरांना पण तो ऑपरेशनचा कागद दाखवा.

अमळनेर. ३४ वर्षांच्या बाईंचा चार्ट, लहानपणी कोआर्क्टेशनचं ऑपरेशन, आता दुसऱ्याच कारणाने आल्यात. क्यू २५.१ लावायचं की झेड ८७.७४?

गाववाल्या म्हणून तुम्हाला आधी उत्तर द्यायला पाहिजे होतं, राहिलं.

जन्मजात आहे म्हणजे क्यू कोड फक्त लहान मुलांना, असं काही नाही, दोष अजून शरीरात असेल तर ऐंशीव्या वर्षी पण क्यू लागतो. पूर्ण दुरुस्त झालाय आणि आता उरलेलं काही नाही, तर झेड ८७.७४, म्हणजे ‘पूर्वी होता’. गोची कुठे होते तर ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असं आपण धरून चालतो. कोआर्क्टेशनमध्ये तीच जागा परत आवळू शकते, कधी तिथे फुगवटा येतो. नोटमध्ये ‘स्टेटस पोस्ट रिपेअर’ (दुरुस्ती झालेली) एवढंच असेल तर खालची औषधं बघा, शेवटचा इको कधीचा ते बघा, ‘रेसिड्युअल’ (उरलेलं) किंवा ‘रिकरंट’ (परत आलेलं) हा शब्द कुठे आहे का शोधा. असेल तर हा इतिहास नाही, चालू आजार आहे. शब्द नाही पण इकोत प्रेशरचा फरक दिसतोय तर परत तेच, क्वेरी. बाईंना बीपीच्या गोळ्या चालू असतील तर ते बीपी या नळीमुळे आहे का नुसतंच आहे, हे पण डॉक्टरांनाच लिहू द्या, तुम्ही जोडू नका.

सहज आठवलं म्हणून, हे ऑपरेशन जगात पहिल्यांदा १९४४ मध्ये स्वीडनमध्ये क्राफूर्ड यांनी केलं. त्याआधीचे पेशंट बहुतेक या वयाच्या पुढे फार जातच नसत, त्यामुळे ३४ वर्षांच्या बाईंचा चार्ट तुमच्यासमोर दुसऱ्याच कारणासाठी यावा ही मला तर मस्त गोष्ट वाटते.

भुसावळ. सीपीसी (कोडरच्या सर्टिफिकेटची अमेरिकन) परीक्षा द्यायची आहे, मराठी मीडियम, जमेल का? आणि हे हृदयाचं सगळं पाठ करावं लागतं का?

जमेल. १०० प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना पास, आणि कोडची पुस्तकं सोबत ठेवता येतात, त्यामुळे पाठांतराचा प्रश्नच नाही, पान लवकर सापडण्याचा आहे. इंग्रजीची भीती असेल तर रोज एक इको रिपोर्ट वाचायचा, पहिले पंधरा दिवस डोकं फिरेल, मग तेच तेच पंचवीस-तीस शब्द फिरून येतात हे लक्षात येतं. पुस्तकाला टॅब लावायला परवानगी असते, फक्त पान दाखवण्यापुरता, टॅबवर नोट्स लिहिलेल्या चालत नाहीत. माझ्या पुस्तकात क्यू २० पासून क्यू २८ पर्यंत एक पिवळा टॅब आहे आणि क्यू २५ ला वेगळा लाल. का ते वर वाचलंच असेल.